सहीसाठी वही घरी येते तेव्हा : शाळा व्यवस्थापन समितीतल्या पालकाने काय करावं?

एका ताईंचा प्रश्न थोडक्यात असा आहे. त्यांची मुलगी गावातल्या जिल्हा परिषद प्राथमिक शाळेत दुसरीला आहे. शाळा पहिली ते चौथी, पट ३८, शिक्षक दोन. जुलैच्या पालकसभेत कुणीच पुढे येईना, म्हणून त्यांचं नाव शाळा व्यवस्थापन समितीत घातलं गेलं आणि पुढच्या पंधरा मिनिटांत अध्यक्षपदही त्यांच्याच गळ्यात पडलं. त्यानंतर बैठक अशी एकदाच झाली. एरवी ठरावाची वही मुलीच्या दप्तरातून घरी येते, ‘सरांनी सही मागितलीय’ असा निरोप असतो. गेल्या वर्षीच्या अनुदानाचं विचारलं तर ‘सगळं नियमाप्रमाणे आहे’ एवढंच उत्तर. सरपंचांचा एक माणूस प्रत्येक विषयात मधे बोलतो. दुसऱ्या बाई, म्हणजे समितीतल्या शिक्षक प्रतिनिधी, तोंडच उघडत नाहीत. सर एकदा असंही म्हणाले, की ताईंना जमत नसेल तर दादा, म्हणजे ताईंचे पती, आले तरी चालेल. ताई विचारतात, सरांशी वैर न घेता हे काम करता येतं का, की सरळ राजीनामा द्यावा?

मी जिल्हा परिषदेच्या शाळांत आधी शिक्षिका होते, मग मुख्याध्यापिका म्हणून याच समितीची सचिव आणि निवृत्तीआधी काही वर्षं केंद्रप्रमुख, म्हणजे आसपासच्या काही शाळांवर देखरेख ठेवणारी. त्यामुळे ठराव लिहिणाऱ्यांची बाजूही माहीत आहे आणि ते तपासणाऱ्यांचीही. उत्तर लांबणार आहे, चहा घेऊन बसा.

ताई, तुमच्या प्रश्नात एका बाजूला सर आणि एका बाजूला पालक असं चित्र उमटतं. मला अडचण जरा वेगळी दिसते. शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टाप्रमाणे ६० पटापर्यंत दोनच शिक्षक मिळतात आणि स्वतंत्र मुख्याध्यापक १५० च्या वर पट गेला तरच. म्हणजे तुमचे ‘सर’ हे मुळात दोन वर्ग एकत्र शिकवणारे शिक्षक आहेत, मुख्याध्यापकाचा प्रभार त्यांच्या खांद्यावर वरून आलेला. सकाळी पोषण आहाराची माहिती भरायची, दुपारी केंद्राच्या ग्रुपवर ‘समितीच्या ठरावाची प्रत आज पाच वाजेपर्यंत’ असा मेसेज येतो. गणवेशाला ठराव, दुरुस्तीला ठराव, सहलीला ठराव, जुनी बाकं निर्लेखित करायला, म्हणजे नोंदीतून बाद करायला, ठराव. पाच वाजेपर्यंत नऊ पालक गोळा करणं गावात शक्य नसतं, कारण त्या वेळी पालक दुसऱ्याच्या रानात असतात. मग वही दप्तरातून फिरते. तुमच्या सरांच्या मनात काळंबेरं आहे की नाही हे मला इथे बसून सांगता येणार नाही, पण वही घरी येण्यासाठी काळंबेरं असावंच लागतं असं नाही.

तरीही वही घरी येता कामा नये. ते थांबवायचं कसं, हे पुढे सांगते. त्याआधी तुमची समिती नेमकी कोणत्या शाळेची आहे यावर काय काय अवलंबून आहे ते पाहू, कारण हा प्रश्न वाचणाऱ्या दुसऱ्या पालकांची शाळा वेगळी असू शकते.

बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम २००९ चा, १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. त्याच्या कलम २१ मधून ही समिती येते. जिल्हा परिषद, नगरपालिका, महानगरपालिका यांच्या शाळांत तिला खरे अधिकार आहेत : शाळेच्या कामावर देखरेख, शाळा विकास आराखडा तयार करणं आणि मिळालेल्या पैशांचा विनियोग तपासणं. खासगी अनुदानित शाळांत आणि अल्पसंख्याक संस्थांच्या शाळांत २०१२ च्या दुरुस्तीनंतर ही समिती फक्त सल्ला देऊ शकते. विनाअनुदानित खासगी शाळेला हे कलम लागूच नाही. तिथे पालक-शिक्षक संघ असतो आणि त्याच्या कार्यकारी समितीचा जोर मुख्यतः फीच्या प्रश्नावर, तोही महाराष्ट्राच्या २०११ च्या शुल्क विनियमन कायद्याखाली. तेव्हा शहरातल्या इंग्रजी शाळेच्या पालकाने हे उत्तर वाचून मुख्याध्यापकांकडे रोजकीर्द, म्हणजे रोजच्या जमाखर्चाची वही, मागू नये, ते हसतील. तुमची शाळा जिल्हा परिषदेची आहे, म्हणून पुढचं सगळं तुम्हाला लागू आहे.

आता समितीत कोण असतं. महाराष्ट्रात सदस्य १२ ते १६, सचिव सोडून. त्यातले तीन चतुर्थांश पालक. बारांची समिती धरली तर नऊ पालक आणि तीन इतर : स्थानिक प्राधिकरणाचा एक, शिक्षकांमधून एक आणि पालकांनी निवडलेला एक शिक्षणतज्ज्ञ. एकूण सदस्यांत निम्म्या महिला हव्यात. वंचित आणि दुर्बल घटकांतल्या मुलांच्या पालकांना पटाच्या प्रमाणात जागा हवी. मुख्याध्यापक पदसिद्ध सचिव. दोन विद्यार्थीही बसतात, त्यांना मत नसतं. अध्यक्ष आणि उपाध्यक्ष फक्त पालक सदस्यांमधूनच. मुदत दोन वर्षं, बैठक महिन्यातून किमान एक.

एवढ्यातूनच तुमच्या दोन शंका सुटतात. सरपंचांचा माणूस स्थानिक प्राधिकरणाचा प्रतिनिधी म्हणून रीतसर नेमलेला असेल तर त्याला बाकी सगळ्यांसारखंच एक मत आहे, जास्त नाही. नेमलेला नसेल तर तो पाहुणा आहे. पाहुण्याला चहा द्यावा, उपस्थितीच्या पानावर सही देऊ नये. आणि दादांचं म्हणाल तर पालकसभेने निवडलं तुम्हाला. दादा येऊन बसले तर घरचं एक माणूस आलं एवढंच, सदस्य हजर आहे असं होत नाही. हे सरांना रागाने सांगायची गरज नाही. पुढच्या वेळी ‘दादांना पाठवा’ म्हणाले की ‘मला यायला जमेल अशी वेळ ठेवू या’ एवढं म्हणायचं. महिलांची निम्मी संख्या कागदावर भरायची आणि बैठकीला त्यांचे नवरे बसवायचे, हा प्रकार मी इतक्या शाळांत पाहिलाय की त्याचा आता राग यायचाही थांबलाय. पण तो मोडतो. एका बाईने नियमित यायला सुरुवात केली की चार महिन्यांत बाकीच्या येतात, कारण मग त्यांना एकटं वाटत नाही.

वेळेचं मी जरा सविस्तर सांगते, कारण समित्या मरतात त्या बहुतेक वेळेपायी. सरांना शाळेच्या वेळेत बैठक सोयीची असते. रोजंदारीवर जाणाऱ्या बाईला ती म्हणजे एक खाडा. मग येतात कोण? ज्यांना काम नाही ते, आणि ज्यांना राजकारण आहे ते. आमच्याकडे ज्या शाळांत बैठका खऱ्या व्हायच्या, तिथे दिवस कायमचा ठरलेला असायचा. शनिवारी शाळा सकाळची असते. महिन्याचा एक ठरावीक शनिवार, शाळा भरायच्या आधी किंवा बाया रानातून परतल्यावर संध्याकाळी. कुठे बाजाराचा दिवस बरा पडतो, कारण त्या दिवशी मजुरी नसते. तुमच्या गावाची लय तुम्हाला ठाऊक. दिवस ठरला की तो पहिल्याच बैठकीत ठराव म्हणून लिहून घ्या. मग ‘सूचना मिळाली नाही’ हा विषयच संपतो आणि सरांनाही वरच्या मेसेजला उत्तर देता येतं, की समितीची बैठक अमुक तारखेला आहे, ठराव त्यानंतर मिळेल.

आता वही. ठरावाच्या वहीचं एक पान जवळून बघा. वर तारीख, वेळ, ठिकाण. मग ‘विषय क्र. १ : मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे’. खाली ठराव, सूचक, अनुमोदक आणि ‘सर्वानुमते मंजूर’. सगळ्यात शेवटी ‘आयत्या वेळी येणारे विषय’ आणि त्याखाली तीन-चार ओळी कोऱ्या. मग सह्या. त्या कोऱ्या ओळी फार महत्त्वाच्या. सही झाल्यावर त्यात काय येईल हे सही करणाऱ्याच्या हातात राहत नाही. म्हणून पहिली सवय ही लावा, की शेवटच्या ठरावाखाली आडवी रेघ मारून मगच सह्या. यात कुणावर आरोप नाही, शाळेच्या हजेरीतही रिकाम्या जागी रेघच मारतात. दुसरी सवय, ठराव बैठकीतच लिहायचा आणि मोठ्याने वाचायचा. सरांना शिकवून थकवा आला असेल तर बारावी झालेली एखादी पालक सदस्य लिहू शकते, सचिवांची सही खाली असली म्हणजे झालं. तिसरी, बैठक संपल्यावर पानाचा मोबाइलवर फोटो. हे फोटो पुढे कधी कामाला येतात ते शेवटी सांगते.

वही पुन्हा दप्तरातून आली तर? परत पाठवा, सहीविना, पण नुसतीच दप्तरातून नाही. स्वतः शाळेत जाऊन सांगा, ‘सर, वहीत मी शाळेत येऊनच सही करीन. घाईचं असेल तर फोन करा, मी अर्ध्या तासात येते.’ आणि खरोखर जा. हे दोन-तीनदा झालं की वहीचा प्रवास बंद होतो. काही घाईचे कागद खरेच असतात. त्यांच्यासाठी चार सदस्यांना तरी बोलावून तातडीची बैठक लावायला सांगा आणि तशीच नोंद करायला सांगा. झालेलीच नाही अशा बैठकीचं इतिवृत्त मात्र कधीही मान्य करू नका. तपासणीला सगळ्यात आधी पकडलं जातं ते हेच, आणि तेव्हा खाली अध्यक्षांची सही असते.

पैशांकडे येऊ. तुमचा खरा रोख इथेच आहे असं मला वाटतं, आणि तो योग्यही आहे. पण आधी आकडे बघू. समग्र शिक्षा योजनेतून शाळेला वर्षाला संयुक्त शाळा अनुदान मिळतं. पट ३० पर्यंत असेल तर १०,००० रुपये, १०० पर्यंत २५,०००, २५० पर्यंत ५०,०००. तुमचा पट ३८ म्हणजे २५,०००. त्यातले किमान १० टक्के, म्हणजे २,५००, स्वच्छतेवर जायला हवेत. उरलेल्या साडेबावीस हजारांत वर्षभराचं वीजबिल, खडू, रजिस्टरं, कागद, नळाची तोटी, गळणारे पत्रे, दाराची कडी, शैक्षणिक साहित्य आणि इंटरनेट. महिन्याला भागलं तर सगळं मिळून दोन हजारांच्या थोडं खालीच. शिवाय ही रक्कम अनेकदा हप्त्याहप्त्याने आणि आर्थिक वर्षाच्या शेवटाकडे येते आणि ३१ मार्चच्या आत खर्च दाखवावा लागतो. त्यामुळे मार्चमध्ये एकदम चार बिलं दिसली तर लगेच संशय घेऊ नका. कधीकधी सरांनी जूनपासून स्वतःच्या खिशातून केलेला खर्च तिथे निघत असतो. ही चांगली पद्धत नाही, पण वस्तुस्थिती ती आहे.

‘हिशेब दाखवा’ असं मोघम विचारलं की ‘नियमाप्रमाणे आहे’ असं मोघमच उत्तर येतं. कागदाचं नाव घेऊन विचारा. रोजकीर्द, व्हाउचरची फाइल आणि जडसंग्रह नोंदवही. पहिल्यात पैसा कधी आला आणि गेला ते कळतं, दुसरीत कुणाला गेला, आणि तिसरीत त्या पैशांतून आलेली टिकाऊ वस्तू नोंदलीय का ते. मग ती वस्तू डोळ्यांनी बघा. पंख्याचं बिल आहे, जडसंग्रहात पंखा आहे, आणि वर छताला पंखा फिरतोय, एवढं जुळलं की तुमचं काम झालं. ही तिन्ही कागदपत्रं दर बैठकीला मागू नका. तीन महिन्यांतून एकदा, बैठकीचा ठरलेला विषय म्हणून ठेवा : ‘तिमाही खर्चाचे वाचन’. विषयपत्रिकेवर छापलेला प्रश्न कुणालाही टोचत नाही, तोच प्रश्न आयत्या वेळी विचारला की अविश्वास वाटतो.

मोफत गणवेशाचाही पैसा बघा. दोन जोडांसाठी एका मुलामागे ६०० रुपये, म्हणजे ३८ मुलांचे २२,८००. जवळजवळ अनुदानाएवढीच रक्कम झाली, तरी त्यावर कुणी बोलत नाही. २०२४-२५ मध्ये राज्याने कापड आणि शिलाई वरूनच करायचं ठरवलं होतं, गणवेश उशिरा आल्याच्या आणि मापात न बसल्याच्या तक्रारी झाल्या आणि काम पुन्हा समितीकडे आलं. आता ते तुमच्या हातात आहे तर गावातल्याच शिलाई करणाऱ्या बायांकडून माप घेऊन शिवता येतं का, हा विषय मे महिन्यातच घ्या. १५ जूनला घेतला तर दुकानदार देईल ते घ्यावं लागतं.

पोषण आहारात मात्र मी पालकांना जरा कडक राहायला सांगते, कारण तिथे तपासणं अगदी सोपं आहे. प्राथमिकच्या एका मुलाला दिवसाला १०० ग्रॅम धान्य आणि २० ग्रॅम डाळ. आज ३४ मुलं हजर असतील तर तांदूळ ३ किलो ४०० ग्रॅम आणि डाळ ६८० ग्रॅम. आठवड्यातून एकदा कुणीतरी एका पालकाने शिजवायच्या आधी तराजूपाशी उभं राहायचं, मग जेवणाची चव घेऊन चव नोंदवहीत खरं ते लिहायचं. ‘उत्तम’ असं रोज लिहिलेली चव नोंदवही मी केंद्रप्रमुख म्हणून कधी गंभीरपणे वाचली नाही. ‘आज वरण पातळ होतं’ असं एकदा लिहिलेलं दिसलं की त्या शाळेत खरंच कुणीतरी जेवतंय हे कळायचं. फक्त स्वयंपाकी ताईंशी नीट बोला. तुटपुंजं मानधन, तेही वेळेवर नाही, आणि भाजीपाला-इंधनाचे पैसे थकले की दुकानदाराचं तोंड त्यांना आणि सरांना बघावं लागतं. वरण पातळ होण्याचं कारण पुष्कळदा तिथे असतं.

आता तोंड न उघडणाऱ्या बाईंकडे. मला वाटतं या सगळ्या प्रश्नात तुम्ही त्यांच्याकडे जरा वेगळ्या नजरेने पाहावं. दोन शिक्षकी शाळेत शिक्षक प्रतिनिधी निवडायला दुसरं कुणी नसतंच. त्या बैठकीत बसतात ते आपल्या प्रभारी मुख्याध्यापकांच्या शेजारी. रजेचा अर्ज त्यांच्याकडेच द्यायचा, उद्या वर्ग वाटून घ्यायचे ते त्यांच्याशीच. त्यांनी सर्वांसमोर ‘अनुदानातून माझ्या वर्गाला काहीच मिळालं नाही’ म्हणावं ही अपेक्षा माणसाला परवडणारी नाही. म्हणून त्यांना मत विचारू नका, माहिती विचारा. ‘बाई, दुसरीच्या किती मुलांना परिच्छेद वाचता येतो? उरलेल्यांना काय लागेल?’ हे त्यांचं क्षेत्र आहे, इथे त्या मोकळ्या बोलतात. आणि त्यांनी सांगितलं, की वाचनाची पुस्तकं कपाटात कुलपात आहेत किंवा पाटीच्या पेटीतल्या अर्ध्या पाट्या फुटल्यात, तर तो विषय तुम्ही, पालकांच्या नावाने, मांडा.

सरांशी वैर न घेता काम करायचं याचं खरं गमकही इथेच आहे. शिक्षक जिल्हा परिषदेचा नोकर. त्याला सेवेचे नियम असतात. शाळेतली दुसरी जागा रिकामी आहे, बाईंना तालुक्याला ‘कामगिरीवर’, म्हणजे तात्पुरतं दुसरीकडे कामाला, काढलंय, बांधकाम विभागाने वर्ग अर्धवट सोडलाय, हे तो वरिष्ठांना तोंडी चार वेळा सांगेल, वर्तमानपत्राकडे जाऊ शकत नाही, सभापतींच्या दारात बसू शकत नाही. पालक जाऊ शकतात. समितीचा ठराव आणि अध्यक्षांच्या सहीचं पत्र ही एकच गोष्ट शाळेकडे अशी आहे जी वरच्या दिशेने बोलू शकते. ज्या दिवशी तुमच्या सरांना कळेल की ही सही त्यांच्यावर वापरायची नसून त्यांच्यासाठी वापरता येते, त्या दिवसापासून ते स्वतः बैठक लावतील. मी हे होताना पाहिलंय.

उदाहरण देते. आमच्या केंद्रात एका वस्तीवरच्या शाळेतल्या दोन शिक्षकांपैकी एकाला दिवाळीनंतर दुसऱ्या शाळेत कामगिरीवर पाठवलं. चार वर्ग एका माणसावर. प्रभारी मुख्याध्यापक गप्प, कारण आदेश वरून आलेला. गावातल्या काही मंडळींचा बेत शाळेला टाळं ठोकायचा होता. टाळ्याने फोटो छापून येतो हे खरं, पण नुकसान मुलांचंच होतं आणि गावात दोन तट पडतात. समितीने वेगळं केलं. बैठक घेऊन ठराव केला, त्यात भावना काहीच नाही : पट किती, वर्ग किती, शिक्षक किती, कायद्याप्रमाणे किती हवेत, कामगिरीचा आदेश कोणत्या तारखेचा, तेव्हापासून एका शिक्षकाला किती वर्ग. पत्र गटशिक्षणाधिकाऱ्यांच्या नावाने, प्रत गटविकास अधिकारी आणि शिक्षणाधिकाऱ्यांना, आवक क्रमांकाचा शिक्का घेऊन. पंधरा दिवसांनी तेच पत्र, वर ‘स्मरणपत्र’. त्यांना पूर्ण यश आलं असं नाही. शिक्षक आठवड्यातून तीन दिवस परत आला, पूर्ण वेळ जूनमध्येच. पण त्या वर्षाचा दुसऱ्या सत्राचा अभ्यास वाचला, आणि त्या मुख्याध्यापकांनी नंतर समितीला कधी वही घरी पाठवली नाही.

वर मागण्यासाठी नुसती पत्रं पुरत नाहीत, आराखडा लागतो. कायद्याच्या कलम २२ प्रमाणे शाळा विकास आराखडा समितीने करायचा असतो, तीन वर्षांचा. तुमच्या शाळेत तो असेलही, बहुधा शेजारच्या शाळेच्या आराखड्याची नावं बदलून. नव्याने करा, दोन पानांचा करा, पण खरा. मुलींचं स्वच्छतागृह वापरात आहे का, पाणी वर्षभर येतं का, उतरत्या रॅम्पला कठडा आहे का, पावसाळ्यात कोणता वर्ग गळतो. मग त्यातली जी कामं अनुदानाच्या आवाक्याबाहेर आहेत ती ग्रामपंचायतीच्या विकास आराखड्यात जायला हवीत. पुढच्या वर्षाच्या आराखड्याची चर्चा साधारण २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेपासून सुरू होते. तेव्हा समितीचा ठराव सप्टेंबरमध्येच ग्रामसेवकांकडे (आता पदाचं नाव ग्रामपंचायत अधिकारी) पोचलेला हवा आणि त्या ग्रामसभेला तुमच्यातल्या पाच-सहा बाया हजर हव्यात. ग्रामपंचायतीला स्वउत्पन्नाचे १० टक्के महिला-बालकल्याणावर आणि ५ टक्के दिव्यांगांसाठी खर्च करावे लागतात. रॅम्पचा कठडा आणि मुलींचं स्वच्छतागृह हे विषय त्यात बसवून मागता येतात. आणि सरपंचांचा तो मधे बोलणारा माणूस? त्याला हेच काम द्या. ‘भाऊ, कठड्याचा विषय ग्रामसभेत तुम्ही मांडा, आम्ही सगळ्या पाठीशी आहोत.’ बोलायची हौस असलेल्या माणसाला बोलायला जागा दिली की तो बैठकीत शांत बसतो.

तुमच्या गावातून ऊसतोडीला टोळ्या जात असतील तर एक विषय दसऱ्याच्या आधी घ्या : कोणती मुलं जाणार, त्यांतली कोणती आजी-आजोबांकडे राहू शकतात, हंगामी वसतिगृहाचा प्रस्ताव पाठवायचा का, जाणाऱ्यांना शिक्षण हमी कार्ड, म्हणजे जातील तिथल्या शाळेत बसता यावं म्हणून दिलं जाणारं कार्ड, दिलं का. तुमचा पट ३८ आहे. त्यातली आठ-दहा मुलं नावापुरती उरली आणि पुढच्या वर्षी पट तिशीखाली घसरला, तर अनुदान २५ वरून १० हजारांवर येतं. मुलांसाठीच करायचं, पण शाळेसाठीही हे करावंच लागतं.

समितीने जे करू नये तेही थोडक्यात. चालू वर्गात शिरून मुलांसमोर शिक्षकाला जाब विचारू नये. मुलांची परीक्षा घेऊन कुणाला येतं, कुणाला नाही हे गावात सांगू नये. शिक्षकाने मुलाला मारल्याची तक्रार आली तर ‘जाऊ द्या, आपलेच सर आहेत’ म्हणून मिटवू नये. कलम १७ प्रमाणे शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ दोन्हींना बंदी आहे, तक्रार लेखी घेऊन पुढे पाठवायची. आणि लैंगिक त्रासाची शंका जरी आली तरी तो समितीचा विषयच नाही. पोक्सो कायद्याखाली पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. बैठक बोलावून चर्चा, दोन्ही बाजू ऐकणं, समजोता, यातलं काहीही करायचं नाही. मी हे मुद्दाम ठासून सांगते, कारण ‘गावाची अब्रू’ म्हणून आपसात मिटवायचा पहिला सल्ला अशा वेळी बहुधा समितीतूनच येतो.

राजीनाम्याचं विचारलंत. देता येतो. सचिवांच्या नावाने लेखी द्यायचा, पुढच्या बैठकीत तो ठेवायचा, जागा पालकसभेतून भरायची. पण तुमची मुलगी दुसरीत आहे आणि समितीची मुदत दोन वर्षं. ती चौथीत जाईल तेव्हा तुमची मुदतही संपत आलेली असेल. तुम्ही गेलात तर ती खुर्ची कुणाला मिळेल याचा अंदाज तुम्हाला माझ्यापेक्षा चांगला आहे. घरचं आजारपण, लांब कामाला जाणं अशी खरी अडचण असेल तर अध्यक्षपद उपाध्यक्षांकडे जाऊ द्या आणि नुसत्या सदस्य राहा. तेवढंही पुष्कळ असतं. सरांचा स्वभाव हे कारण मात्र पुरेसं नाही, कारण सर बदलून जातील.

बदलीचं म्हणून एक शेवटचं. सरांच्या बदलीचा आदेश आला की शाळेचा चार्ज दुसऱ्याकडे जातो. त्या दिवशी अध्यक्षांनी शाळेत हजर राहावं. चार्ज यादीत रोजकीर्दीतली शिल्लक, तांदळाचा साठा, जडसंग्रहातल्या वस्तू, आणि ठरावाच्या वह्या किती व कोणत्या तारखेपर्यंतच्या हे लिहिलेलं असतं. मी सांगितलेले ते मोबाइलमधले फोटो इथे काढायचे. वहीची पानं आणि फोटो जुळवून पाहायचे, तांदूळ मोजून घ्यायचा, मग यादीखाली साक्षीदार म्हणून सही करायची. नवे सर किंवा बाई त्याच वेळी समोर असतात. बैठकीचा ठरलेला शनिवार त्यांना तिथेच सांगून टाका.